वर्षाचं वन

पुस्तकांची पिशवी सोमवारी
मखमलाबादहून माझ्या स्कूटीवर, पायाशी बसून येते.
गिरणाऱ्याच्या शाळेत, दुसरीच्या वर्गात
मी ते आडवं पुस्तक उघडलं.
पानभर हिरवं,
बोट ठेवलं तर बोट ओलं होईल इतकं.

फळ्यावर लिहिलं : वर्षावन.
हिरामण भोयेनं हात वर केला.
"बाई, वर्षा माझी बहीण. तिचं वन हाये?"
वर्ग हसला, मीही हसले.
शब्दाची फोड केली, पाऊस समजावला,
पण तोवर सातबाऱ्यावर नाव लागलं होतं.

वर्षाच्या वनात मोठ्या चोचीचा पक्षी.
वर्षाच्या वनात फांदीला उलटा लोंबणारा स्लॉथ,
एक पान चघळायला अख्खी दुपार घेणारा.
आणि ठिपक्यांचा जग्वार,
त्याला सगळ्यांनी एकमतानं बिबट्या केलं,
कारण बिबट्या त्यांनी पाहिलाय, उसात.
जग्वार कुणीच पाहिलेला नाही. मीसुद्धा नाही.

दहाव्या पानावर करवत,
समोरच्या अकराव्यावर नुसते खुंट.
मलपृष्ठावर शिक्षकांसाठी सूचना :
मुलांना विचारा, जंगल तोडल्यावर प्राणी कुठे जातील?
विचारलं.
हिरामण म्हणाला, "गिरणाऱ्याला."

मग उभा राहून, खिशात हात घालून,
मुकादमासारखा सांगत सुटला :
सकाळी सहाला नाक्यावर येतील, डबे घेऊन.
माकडं विरळणीला, त्यांचे हात चपळ.
जग्वारला फवारणीला नेतील,
पंप बसेल त्याच्या पाठीवर.
पक्षीण पिलू झोळीत टाकून येईल,
मुकादम म्हणेल, पिलू नको.
स्लॉथला कुणीच पिकअपमध्ये घेणार नाही.
तो दहापर्यंत उभा राहील,
उन्हं वर आली की मग परत...

इथे थांबला.
"परत कुठं जाईल, बाई?"

सूचनांमध्ये पुढचा प्रश्न प्राणवायूचा होता.
तो मी विचारला नाही.

पुस्तक त्यानं घरी नेलं.
घर म्हणजे द्राक्षबागेच्या बांधाला ताणलेली निळी ताडपत्री.
एक सोमवार गेला, दुसरा गेला.
तिसऱ्याला फाटकाशी एक मुलगी, चौदा-पंधराची,
कमरेला कात्री खोचलेली, नखांत वाळलेलं हिरवं.
"मी वर्षा."
मला उगाच वाटलं, हिला मी ओळखते,
हिच्या वनात मी पंधरा दिवस वर्ग घेतलाय.

"पानं चिकटवल्यात, बाई. भाताच्या शितांनी.
रातचा झोपत नव्हता.
त्या हळू चालणाऱ्याला आपल्याकडं ठेवू म्हणायचा,
कुठं ठेवायचा? आम्हीच सहा जण.
मग चिकटवलं, आन् म्हटलं, बघ, झाडावरच हाये.
दंड किती?"

रजिस्टरात तीन रकाने : परत, फाटले, हरवले.
'चिकटले' असा रकाना नाही.
मी 'परत'मध्ये खूण केली.

तिनं जाता जाता पुस्तक पुन्हा चाळलं,
पक्ष्यावर बोट ठेवलं.
"असा आमच्याकडं यायचा, उंबरावर. चोच जराशी लहान."
"अजून येतो?"
रस्त्यावर पिकअपचा हॉर्न वाजला.
"गावी गेल्यावर बघून सांगते," म्हणाली,
आणि पळाली.

ग्रंथालयातल्या सोनवणेबाई म्हणतात, वाफ दिली की सुटतील पानं.
सुटतीलही.
मी अजून दिलेली नाही.
आता पुस्तकात जंगल आहे, त्यावर उलटा स्लॉथ,
आणि पान उलटलं की एकदम
मुलं रोपं लावतायत,
का लावतायत, कळत नाही.

दुसऱ्या वर्गांत मी तसंच वाचते :
नऊ, मग बारा.
बहुतेकांना चालतं.
एखादी मात्र बोटानं जाड पान चाचपते,
विचारते, मधे काय झालं?
तिला खिडकीशी नेते.
पान उन्हासमोर धरते.
मग फांदी दिसते, फांदीखाली खुंट,
खुंटातून वर आलेलं पलीकडचं रोप,
आणि मधोमध
दोन-तीन शितांचे डाग,
ते कशाचे, हे प्रत्येक वर्ग
वेगवेगळं सांगतो.